नमुना मजकूर

त्या बाईंनी गाठ डॉक्टरांना दाखवली का, असं गणपतरावांनी विचारलं होतं. स्वप्नालीनं ते वाक्य वाचलं, चपातीचा घास तोंडात टाकला आणि हे मेल चुकून आपल्याकडे आलं असावं असं समजून ती पुढच्या मेलवर जाणार होती. दुपारच्या सुट्टीत छापखान्यातला कॉम्प्युटर तिचा असायचा. शाहूपुरीतल्या त्या छापखान्यात ती दिवसभर लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं आणि पतसंस्थांचे अहवाल जुळवायची, आणि सगळे डबे उघडून बसले की स्वतःच्या टेम्प्लेटची डागडुजी करायची. टेम्प्लेट म्हणजे मराठी ब्लॉगचा तयार सांगाडा. वर मथळ्याला जागा, बाजूला एक पट्टी, कडेनं नक्षी. लिहिणाऱ्यानं फक्त आपला मजकूर ओतायचा. तिच्या टेम्प्लेटांची नावं पैंजण, तोडे, जोडवी अशी होती, कारण ती चांदीच्या दागिन्यांच्या हुपरीची होती आणि दुसरं काही तिला सुचलं नव्हतं. ती ते फुकट वाटायची. फुकट दिलं की माणसं जास्त हक्कानं भांडतात हे तिला लवकरच कळलं. कुणाला निळ्याऐवजी आमसुली रंग हवा असायचा, कुणाच्या वेलांट्या वरून कापल्या जायच्या. एकानं तर तुमच्यामुळे माझी कविता वाकडी दिसते असं लिहिलं होतं. कविता मुळातच वाकडी होती, पण तिनं समास सरळ करून दिला. गणपतराव त्यातले नव्हते. चंदगडचे निवृत्त मास्तर, आपल्या भागातले कानडी वळणाचे शब्द वेचून ब्लॉगवर टाकायचे, आणि काही अडलं तर आधी सप्रेम नमस्कार करून मग विचारायचे.

म्हणून तिनं ते मेल पुन्हा वाचलं. तुमच्या पैंजण टेम्प्लेटात ‘थोडंसं माझ्याबद्दल’ या चौकटीत एक मजकूर आपोआप येतो, असं त्यांनी लिहिलं होतं. तो कसा काढायचा ते मला जमेना. बोली अस्सल आहे, म्हणून मीही घाई केली नाही. काल मात्र तो पुरता वाचला. त्या बाईंनी गाठ डॉक्टरांना दाखवली का? आणि मग वेगळ्या ओळीवर, जणू लिहावं की नाही असा विचार करून, त्यांनी लिहिलं होतं: आमच्या हिचीही दुखत नव्हती.

तिनं मास्तरांचा ब्लॉग उघडला. उजवीकडे तिची चौकट होती, तिनंच कोरलेल्या मण्यांच्या किनारीत, तिनंच ठरवलेल्या राखाडी रंगात. ही चौकट तिनं इतक्या वेळा पाहिली होती की डोळे मिटूनही तिला ती दिसली असती. ओळींमधलं अंतर, काना कुठं संपतो, उकार खालच्या ओळीच्या मात्रेला धडकतो की नाही, सगळं तिला पाठ होतं. तो मजकूर मात्र तिनं कधी वाचला नव्हता. नमुना मजकूर कुणी वाचत नसतं. तो जागा भरायला असतो, कापडाच्या दुकानातल्या पुतळ्यासारखा. आज पहिल्यांदा तिनं डावीकडून उजवीकडे, शब्दामागून शब्द, तो वाचला.

‘बयाबाईच्या म्हशीनं रेडकू दिलं. खरवस धाडलाय, झाकून ठेवलाय, न्हाईतर मांजर न्हेतंय. म्हातारी म्हनत हुती, स्वप्नीला एकादं स्थळ बघा की. मी म्हनलं, व्हय, बघू. डाव्या काखंत गाठ लागतीया हाताला. आदी ल्हान हुती. दुखत न्हाय. दावावी का कुनाला, का ऱ्हाऊ दे? बरं.’

तिनं डबा बाजूला सारला. स्वप्नी म्हणजे ती. बयाबाई म्हणजे शेजारची म्हातारी. हे बोलणारी तिची आई, आक्काताई, जी आज सकाळी तिला डबा देऊन, मिरची जरा जादा झालीया असं सांगून पैंजणांची पाटी ओढून बसली होती. तिनं फाइलची तारीख पाहिली. दीड वर्ष होऊन गेलं होतं. दीड वर्ष आईची काख पडद्यावर उघडी होती. मस्कतमधल्या एका प्रेमकवीच्या ब्लॉगवर होती, शेअर बाजाराचे सल्ले देणाऱ्याच्या पानावर होती, मसालेभाताच्या पाककृतीशेजारी होती, आणि सगळीकडे वर ठळक अक्षरात लिहिलं होतं, थोडंसं माझ्याबद्दल. शेकडो लोकांनी ती चौकट उतरवून घेतली. काहींनी पुसली, काहींनी आळसानं तशीच ठेवली. आणि विचारलं एकट्या चंदगडच्या मास्तरांनी. तिचा संताप आधी मास्तरांवरच झाला. कशाला वाचलं? कुणी सांगितलं होतं वाचायला? मग तो संताप कुठं ठेवावा ते तिला कळेना. समोर अर्धवट लग्नपत्रिका होती. चि. सौ. कां. कुणीतरी, यांची ज्येष्ठ कन्या. ती अक्षरं तिला एकदम वाचता येऊ लागली, म्हणजे त्यातली मुलगी दिसू लागली, तिचा बाप दिसू लागला. हे काही बरं नव्हतं. या धंद्यात असं झालं की माणूस संपला.

कारण तिला शिकवलंच तसं होतं. बारावीनंतर मराठी टायपिंगच्या परीक्षा दिल्या तेव्हा सर पट्टी घेऊन पाठीमागून फिरायचे आणि म्हणायचे, अर्थाकडे गेलात की बोट चुकलं. समोरचा बोलतोय ते कानातून थेट बोटात उतरलं पाहिजे, मध्ये डोकं लागता कामा नये. बाकीच्या मुलींचं डोकं मध्ये लागायचं. उताऱ्यात विनोद असला की त्या हसायच्या, करुण काही असलं की त्यांची बोटं जड व्हायची. स्वप्नालीचं तसं कधी झालं नाही. सरांनी एकदा मृत्यूची बातमी वाचून दाखवली आणि मग तिला विचारलं, कोण वारलं? तिला सांगता आलं नव्हतं, आणि सगळ्या वर्गासमोर सरांनी तिची पाठ थोपटली होती. घरी येऊन तिनं ते आईला मोठ्या अभिमानानं सांगितलं. आईला त्यातलं काही कळलं नाही, पण पाठ थोपटली म्हटल्यावर तिनं गूळ हातावर ठेवला होता.

तो मजकूर टाइप केला ती संध्याकाळ तिला आठवायची होती. आठवत होती ती फक्त ऱ्ह. त्या वेळी मराठी अक्षरं पडद्यावर नुकतीच धड बसायला लागली होती आणि ऱ्ह काही केल्या बसत नव्हता. रफार भलत्याच अक्षरावर चढायचा, नाहीतर पाय मोडलेल्या र शेजारी ठिपक्यांचं एक रिकामं वर्तुळ यायचं. पुस्तकातला मजकूर घेऊन बघावं तर त्यात अशी अक्षरं सापडायची नाहीत. वर्तमानपत्रातला घ्यावा तर कुणीतरी हक्क सांगेल अशी भीती. छापखान्यातला जुना कॉम्प्युटर तेव्हा तिनं घरी आणला होता, ती त्यावर बसली होती आणि पाठीमागं आई बोलत होती. आईच्या बोलण्यात न्हाय होतं, व्हय होतं, ल्हान होतं, म्हनलं होतं. अवघड जोडाक्षरं दुसरीकडे हुडकत फिरायचं आणि ती पाठीशी पाटीपाटीनं सांडलेली! काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं तेव्हा तिच्या मनात आलं होतं आणि आपल्याच हुशारीवर ती हसली होती. आता काखेत हा शब्द मनात आल्याबरोबर तिनं डोळे मिटून घेतले. आई बोलत गेली आणि ती टाइप करत गेली. पाठीमागं रिठ्याच्या पाण्याचा वास होता, चांदी ब्रशनं घासल्याचा आवाज होता, पंखा कुरकुरत होता, हे सगळं तिला जसंच्या तसं आठवत होतं. आईचं वाक्य आठवत नव्हतं. ते तिच्या डोक्यातून गेलंच नव्हतं. ते कानातून थेट बोटात उतरलं होतं.

तिनं पहिल्यांदा काय केलं असेल तर फाइल उघडून तो मजकूर पुसला. तिथं ‘येथे आपली माहिती लिहा’ असं टाकलं आणि नवी फाइल जागेवर चढवली. मग तिच्या लक्षात आलं की याचा काही उपयोग नाही. नवीन घेणाऱ्याला नवीन मिळेल. ज्यांनी नेलं त्यांचं ते त्यांच्याकडे राहणार. आणि त्याहून उशिरा लक्षात आलं की आपण मजकूर दुरुस्त करत बसलोय. ती उठली. मालक सयाजीराव चहा बशीत ओतत होते. आईला बरं नाही, घरी जाते, असं ती म्हणाली. सकाळी तर काही बोलली न्हाईस, असं ते म्हणाले, पण तिच्या तोंडाकडे बघून त्यांनी बशी खाली ठेवली आणि पत्रिकेचं मी बघतो म्हणाले. बयाबाईच्या घरी फोन होता. तिनं नंबर लावला आणि वाजायच्या आत कापला. दुसऱ्याच्या ओट्यावर आईला बोलावून काय विचारायचं? आणि विचारलं असतं तरी आई न्हाय गं, काय न्हाय असंच म्हणाली असती, बयाबाई कान टवकारून बसलेली असताना.

हुपरीची गाडी लागलेली होती. खिडकीशी जागा मिळाली. नेहमी ती गाडीत बसल्या बसल्या झोपायची. आज मात्र रस्त्यावरची प्रत्येक पाटी तिला वाचायला लावत होती. पंक्चर काढून मिळेल. येथे म्हशीचे दूध मिळेल. दारूबंदी समिती. कुणाच्या तरी वाढदिवसाच्या फलकावर शुभेच्छुक म्हणून छापलेली पोरांची नावं तिनं एक न् एक वाचली. प्रत्येक नावाला एक तोंड होतं. इतकी वर्षं ही गावं ती पाट्यांचे नुसते आकार म्हणून ओलांडत आली होती. उचगावला एक बाई चढली आणि काखेत पोर घेऊन शेजारी उभी राहिली, तर स्वप्नालीला त्या पोराकडे बघवेना. कंडक्टर ओरडत होता, पावणं, फुडं सरका की. तिनं उठून त्या बाईला जागा दिली आणि दांडा धरून उभी राहिली. दांडा धरायला हात वर केला, तेव्हा तिनं दुसऱ्या हातानं हळूच स्वतःची काख चाचपली. मग तिला लाज वाटली.

मुडशिंगी मागं गेली तसं एकेक वर यायला लागलं. दिवाळीच्या आधी आईनं ब्लाऊज उसवून मुंढा मोठा करून आणायला सांगितला होता. टेलर म्हणाला, एवढाच एक हात? तेव्हा स्वप्नालीनं घरी येऊन आईला चिडवलं होतं, डाव्याच हाताला तूप लागलं व्हय गं तुझ्या? आई हसली होती. नंतर आईनं पाटी उजवीकडे घेतली. पैंजण धरायचा डाव्या हातानं आणि ब्रश उजव्या हातानं, हे तिचं जन्माचं वळण. हुपरीच्या कुठल्याही घरात बाई अशीच बसलेली दिसते. आई मात्र हल्ली पैंजण गुडघ्याखाली दाबून धरायची. वय झालं असं स्वप्नालीला वाटलं होतं. रात्री ती भिंतीकडे तोंड करून उजव्या कुशीवर झोपायची. हे सगळं दिसलं होतं. न दिसायला ती काही आंधळी नव्हती. ओळीतलं अंतर केसाएवढं जरी हललं तरी तिला दिसायचं. पण दिसणं आणि वाचणं यात एवढी मोठी दरी असते हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

आणि मग तिला त्या मजकुरातल्या शेवटच्या दोन शब्दांमधली जागा दिसली. दावावी का कुनाला, का ऱ्हाऊ दे? असं आईनं विचारलं होतं. त्यापुढे बरं होतं. आई स्वतःलाच बरं म्हणायची नाही. बरं म्हणायला आधी कुणीतरी काहीतरी बोलावं लागतं. तिथं खोलीत दुसरं कुणी नव्हतं. म्हणजे आपण बोललो. आपलं बोलणं आपण टाइप केलं नव्हतं, कारण टाइप करणारा समोरच्याचं लिहितो, स्वतःचं नाही. काय म्हणालो आपण? दाखवू असं म्हणालो असतो तर तो विषय उद्या, परवा, कधीतरी निघाला असता. राहू दे असं म्हणालो? तिनं गाडीच्या घरघरीत स्वतःच्या आवाजात राहू दे म्हणून पाहिलं. तो आवाज ओळखीचा वाटला नाही. थांब जरा, असं म्हणालो? आई, गप गं, असं म्हणालो? ते आपण नेहमी म्हणतो. पण गप म्हटल्यावर आई बरं म्हणत नाही, आई गप बसते. पट्टणकोडोली आली तोवर तिला सगळ्या उत्तरांची भीती वाटायला लागली होती आणि त्यातलं एकही आपलं वाटत नव्हतं. देवा, मी गप्पच असू दे, असं ती मनात म्हणाली. आपण नुसता हुंकार दिला असला तर बरं, असं तिला मनापासून वाटलं. माणूस किती थोड्यावर भागवतो.

थांब्यावरून घरी जाताना दारोदारच्या भट्ट्यांतून तोच तो आम्लाचा वास येत होता. बापाची भट्टीही या गल्लीत होती. ती दहावीत असताना तो गेला आणि भट्टी गेली, पैंजण घासायचं काम तेवढं मायलेकींच्या पदरात राहिलं. आक्काताई उंबऱ्यात बसली होती. पुढं पाटी, पाटीत फेसाळ रिठ्याचं पाणी, पैंजण गुडघ्याखाली. डावा हात मांडीवर ठेवलेला, पाहुण्यासारखा. लेकीला भरदुपारी आलेली बघून ती आधी घाबरली, काम गेलं का काय असं तिनं विचारलं, मग जेवलीस का म्हणून विचारलं, आणि डबा परत आणलास का तेही विचारलं. डबा छापखान्यातच राहिला होता. स्वप्नाली तिच्यासमोर उकिडवी बसली. एवढ्या वाटेत तिनं जुळवलेलं एकही वाक्य शिल्लक नव्हतं.

“आई, तुझ्या काखेत गाठ हाय?”

“हाय की,” आक्काताई म्हणाली. घरात मीठ हाय का म्हटल्यावर म्हणावं तसं.

केवढी आहे, असं स्वप्नालीनं विचारलं. आईला सांगता येईना. तिनं हाताची बोटं अर्धवट मिटून काहीतरी माप करायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. काय ठाऊक, म्हणाली. वाढलीया एवढं कळतंय, ब्लाऊज दाटतोय. स्वप्नालीला आता ओरडावंसं वाटत होतं, की मग बोलली का नाहीस, इतके दिवस काय करत होतीस. पण ते वाक्य उच्चारायचा हक्क आपला आहे की नाही हे आधी बघायला हवं होतं.

“मला सांगितलंतंस तू?”

“सांगितलंतं की. तू त्या कॉम्प्युटरवर बसलीवतीस. दावू का ऱ्हाऊ दे, म्हनून इचारलं तुला.”

“मग मी काय म्हनलं?”

आक्काताईनं ब्रश पाटीत ठेवला. आठवायला तिला वेळ लागला नाही. ती ते वाक्य अगदी नीट, स्वप्नालीच्या सुरात, जरा शहरी करून म्हणाली. “बरोबर आलंय. आता ह्याला हात लावायचा न्हाय.”

तो आवाज स्वप्नालीला ऐकू आला. तिचाच होता, खुशीतला. ऱ्हाऊ टाइप केलं आणि संध्याकाळभर छळणारा तो ऱ्ह एकदम शहाण्यासारखा ओळीत बसला, त्या क्षणाचा. काही जमलं की ती पडद्याला असंच सांगायची, छापखान्यातही सांगायची; बसलेलं काम पुन्हा हलवलं की सगळं मोडतं. ती अक्षराशी बोलली होती. आई बरं म्हणाली होती. तिनं ते बरं टाइप केलं होतं आणि पूर्णविराम देऊन फाइल बंद केली होती.

“मग मी न्हाय लावला,” आक्काताई सांगत होती. “शिकलेली हाईस, कायतरी वाचून सांगत असशील म्हनलं. आंगुळीलाबी तिथनं साबन चुकवती. यवढ्या दिवसांत एकदाबी हात लावला न्हाय बघ.” धरलेला नेम मोडला नाही हे सांगताना माणसाच्या चेहऱ्यावर येतं ते समाधान तिच्या चेहऱ्यावर होतं.

स्वप्नालीनं आपले ओले नसलेले हात उगाचच ओढणीला पुसले. मग ती गुडघ्यांवर पुढं सरकली, पाटी बाजूला झाली, रिठ्याचं पाणी उंबऱ्यावर सांडलं, आणि तिनं उजवा हात आईच्या डाव्या खांद्याखाली नेला. आक्काताईनं कोपर अंगाशी घट्ट आवळून घेतलं.

“नगं,” ती म्हणाली. “तूच म्हनलीयास.”